कवळीकाकांची थडगी

कवळीकाका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, तोंडात बघून बोलत. नवी ओळख झाली की समोरचा आपलं नाव-गाव सांगत असायचा आणि यांची नजर त्याच्या ओठांमागे फिरून यायची. तो माणूस गेला की आम्हाला निकाल ऐकायला मिळायचा. "माणूस सरळ आहे. पण झोपेत दात खातो. घरी काहीतरी बिनसलंय." बहुतेक वेळा खरोखरच काहीतरी बिनसलेलं असायचं.

ते मूळचे मिरजेचे. इथे बहारीनमध्ये, मनामात एका दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या तयार करायचे. इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी त्यांना कवळीकाका म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव घरापुरतं उरलं. वयाने आम्ही बरोबरीचे, तरी मीही त्यांना काकाच म्हणायचो. ते मला नाना म्हणायचे. आपल्या कामाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दात खोटा असला तरी चालतो, पण बसायला खरा पाहिजे."

आमच्या बहारीनमधल्या जुन्या मराठी माणसांत काकांचं नाव निघालं की अजूनही एकच गोष्ट सांगितली जाते. गणपतीच्या मखराला थडगं लावलं तो माणूस. ही गोष्ट खोटी आहे. ते थडगं मी लावलं होतं. मंडळात आजवर हे मी कुणाजवळ बोललो नाही. आता आधीच सांगून टाकतो, म्हणजे काकांबद्दल बाकीचं मोकळेपणाने लिहिता येईल.

थडग्यांचा उद्योग त्यांच्या मागे लागला तो एका कवळीमुळेच. मनामातल्या अदलिया भागात एका लेबनानी बाईंचं कॅफे आहे. त्यांच्या आईची कवळी काकांनी केली आणि म्हातारीला पुन्हा सफरचंद चावता येऊ लागलं. त्या आनंदात बाई दवाखान्याच्या मागच्या खोलीपर्यंत आभार मानायला आल्या. तिथे काका पेनासारखं एक फिरतं यंत्र हातात धरून मेणाच्या हिरडीवर बारीक रेघा काढत होते. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, याने अक्षरं कोरता येतील का? त्यांना हॅलोविनसाठी कॅफेच्या अंगणात खोटं कब्रस्तान उभं करायचं होतं. काकांनी होकार दिला आणि मग संध्याकाळी मला फोन केला. "नाना, हॅलोविन म्हणजे नक्की काय असतं हो?"

मी माझ्या परीने सांगितलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे त्यांची सर्वपित्रीच की. आपण पानं वाढतो, ते चॉकलेटं वाटतात." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

बोर्ड माझ्याकडून जायचे. मी बांधकाम कंपनीत होतो. इथे उन्हाचा ताप घरात उतरू नये म्हणून छतावर जाड निळा फोम बोर्ड अंथरतात. कोपरे मोडलेले बोर्ड कामावरून फेकूनच द्यायचे असतात. ते मी मआमीरच्या आमच्या यार्डातून गाडीच्या टपावर बांधून हमद टाउनला आणायचो. आमची दोघांची घरं तिथेच, एका राउंडअबाउटच्या अल्याडपल्याड. थर्माकोलसारखे या बोर्डाचे दाणे उडत नाहीत. काका त्यावरून अंगठा फिरवून म्हणायचे, "जातिवंत माल आहे. ह्याची कवळी झाली असती तर किती बरं झालं असतं."

दर शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या पोर्चमध्ये दोन लाकडी घोड्यांवर बोर्ड आडवा टाकलेला असायचा. आधी वरच्या बाजूला गोलाई द्यायची, मग कागदावरची अक्षरं बोर्डावर उतरवायची आणि मग त्या फिरत्या यंत्राने ती आत खोदायची. मालतीवहिनी, म्हणजे काकांच्या पत्नी, त्या यंत्राला भुंगा म्हणायच्या, कारण ते सकाळभर तसंच गुणगुणायचं. भुंग्याच्या टोकाला दाढ कोरायचे बर, म्हणजे बारीक दातेरी तुकडे बसवायचे, ज्वारीच्या दाण्याएवढे. यंत्राचा वेग वाढवला तर फोम कापला जात नाही, वितळतो आणि अक्षराच्या कडेला गुठळ्या धरतात. काका वेग अगदी खाली ठेवून, श्वास रोखल्यासारखे कोरत. मी घाई करू लागलो की म्हणायचे, "नाना, ह्याला पळवू नका. खरा दगड झिजायला जन्म जातो. आपण निदान एक शुक्रवार तरी द्यावा की."

दगड म्हातारा करण्यात त्यांना खरी मजा यायची. तडा काढताना ते कधी मधूनच सुरुवात करत नसत. कडेपासून निघायचे, जरा आत जाऊन वळायचे, मग एक फाटा फोडायचे. "दाताला जातो तसा जाऊ द्यायचा. तडा स्वतःच्या वाटेने जातो, आपण नुसतं मागे जायचं." मग चुरगळलेल्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा बोर्डावर दाबत न्यायचा, म्हणजे दगडासारखे खळगे पडतात. मग करडा रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ काळा रंग फासून लगेच पुसून काढायचा. काळा रंग तेवढा अक्षरांत आणि तड्यांत राहतो. शेवटी हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा पायथ्याशी चिकटवायचा. ते शेवाळ.

एकदा वेळ वाचवायला म्हणून मी रंगाचा स्प्रे आणला आणि काका आत गेलेले असताना एका थडग्यावर मारला. स्प्रेने फोम खाल्ला. बघता बघता बोर्डाला आंबोळीसारखी जाळी पडली. मी ओशाळून उभा. काका बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जवळून पाहिलं आणि खूश झाले. "अरे वा! कीड लागली की. राहू द्या, राहू द्या. हे आपलं सगळ्यात जुनं थडगं."

निळा भुसा भुवयांना, हातांवरच्या केसांना चिकटून बसायचा, झटकला तरी निघायचा नाही. मालतीवहिनी दारात कुंचा घेऊन उभ्या राहायच्या. "दोन्ही भुतांनी आधी बाहेर झाडून घ्यायचं, मग चहा."

थडग्यांवर काय लिहायचं हा मोठा प्रश्न होता. काकांचा एक हट्ट होता की जगात कुठेही जिवंत असू शकेल अशा माणसाचं नाव कोरायचं नाही. "उगाच कुणाच्या तरी आयुष्याला नख कशाला लावा?" म्हणून ते माणसांना सोडून इतर गोष्टी पुरायचे. एका दगडावर इंग्रजीत कोरलं, माझं डाएट इथे विसावलं आहे. दुसऱ्यावर, माझा रजेचा अर्ज, फार लवकर गेला. कॅफेच्या बाई वाचून पोट धरून हसल्या. "खलास! यल्ला, आणखी चार करा!" त्यातलं एकच थडगं गंभीर होतं, सगळ्यांत मोठं. त्यावर नुसतं रेस्ट इन पीस. सगळीच थडगी विनोदी असली तर कब्रस्तान वाटत नाही, असं काकांचं म्हणणं.

आता मखराबद्दल. मंडळाच्या गणपतीचं मखर पहिल्यापासून काकाच करायचे, याच बोर्डातून, याच भुंग्याने. पण बर वेगळे. त्यांच्याकडे दोन डबे होते. एका डब्याला देवाचा लाल नाडा बांधलेला असायचा, त्यातले बर फक्त मखराला. थडग्यांच्या डब्यातला एकही बर तिकडे जायचा नाही. मखराचं काम सुरू करायचं त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचे, आणि बोर्ड नवा, कोपरा मोडलेलासुद्धा नको. मी एकदा चेष्टा केली, "काका, फोमला काय कळतंय?" ते म्हणाले, "फोमला नाही कळत. हाताला कळतं." हे दोन डबे फक्त मालतीवहिनींना आणि मला माहीत होते. काका असल्या गोष्टी बोलून दाखवणारे नव्हते.

कॅफेत जागा नसल्यामुळे हॅलोविन झाला की थडगी माझ्या घरामागच्या शेडमध्ये यायची आणि वर्षभर तिथे उभी असायची. माझी बायको सुधा त्या शेडकडे फिरकत नसे. ती देवभोळी होती, शकुन-अपशकुन मानणारी. काका तिला चिडवायचे, "सुधावहिनी, तुमच्याकडची मंडळी शांत आहेत ना? काही मागत नाहीत ना?" ती हसायची, पण जायची नाही.

ज्या वर्षी ते घडलं, त्या वर्षी सुधाच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. गणपती झाले की लगेच. काकांनी मखर कमानीचं केलं होतं, वर नक्षीदार जाळी, फार देखणं. पण उंच होतं. त्यांनी मला बजावलं होतं, "नाना, ह्याच्या पाठीला एक जाड नवा बोर्ड लागेल. नाहीतर हारांचा भार घेणार नाही." मी आणतो म्हटलं आणि विसरलो. माझं डोकं ऑपरेशनमध्ये होतं.

चतुर्थीच्या सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये हार चढवले आणि मखर पुढे कललं. काका नव्हते. एका पेशंटचं दुपारचं विमान होतं, त्याची कवळी द्यायला त्यांना दवाखान्यात जावं लागलं होतं. मूर्ती गाडीत, गुरुजी घड्याळ बघतायत, आणि सेक्रेटरी मला विचारतोय, "नाना, बोर्ड आणणार होता ना?" मी गाडी काढली, घरी आलो, शेड उघडली. शेडमध्ये थडग्यांशिवाय बोर्ड नव्हता. मी सगळ्यांत जाड आणि मोठा होता तो उचलला. त्याची मागची बाजू कोरी होती. वरची गोलाई कापून टाकली, कोऱ्या बाजूला क्रीम रंगाचा हात मारला आणि अक्षरं भिंतीकडे करून मखराच्या पाठीला बांधून टाकला. मखर ताठ उभं राहिलं. खरं सांगतो, त्या वेळी मला ते थडगं दिसतच नव्हतं. मला जाड बोर्ड दिसत होता.

संध्याकाळी आरतीला काका आले. मखर सरळ उभं पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आणलात वाटतं बोर्ड!"

"हो," मी म्हटलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली. मी बोर्ड आधी काढून नेणार होतो, पण विसर्जनाच्या टबात पाणी भरून घेण्यात अडकलो. परत आलो तेव्हा बायका फुलं उतरवत होत्या. कुणीतरी हार ओढला, त्याबरोबर दोरी सुटली आणि तो बोर्ड पुढे, सगळ्यांच्या पायांशी आडवा पडला. अक्षरं वर.

 मग सेक्रेटरीच्या बायकोने "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावला. सुधा समोरच खुर्चीवर बसली होती. तिने वाचलं.  "हे बाप्पाच्या पाठीशी होतं? दोन्ही दिवस? कुणी लावलं हे?"

"काका, हे तुमचंच ना?" सेक्रेटरी म्हणाला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं तोंडाकडेच पाहिलं. ते बंद होतं.

मग त्यांनी सुधाकडे पाहिलं. "माझंच आहे," ते म्हणाले. "मीच कोरलंय." दोन्ही वाक्यं खरी होती. पुढे होऊन ते तिच्या खुर्चीजवळ बसले. "सुधावहिनी, घाबरायचं नाही. छतावर घालायचा फोम आहे हा. ह्याच्या खाली कुणी नाही, आणि ह्याच्यावर कुणाचं नावही नाही. बघा तुम्हीच."

"पण काका, निदान देवाला तरी सोडायचं होतं," मागून कुणीतरी बोललं. काकांनी बोर्ड काखेत मारला, मालतीवहिनींना खूण केली आणि दोघं निघून गेले.

सुधाला त्या वेळी कळलं असतं की आपल्याच नवऱ्याने देवामागे थडगं बांधलं, तर ती ऑपरेशनला उभी राहिली नसती. हे मला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. तोपर्यंत मी गप्प राहिलो हे एक वेळ समजून घेता येईल. पण ऑपरेशन चांगलं झालं. सुधा घरी आली, चालू-फिरू लागली, पुरणपोळ्या करू लागली. तिला नसतं सांगायचं तर नसतं सांगितलं. राउंडअबाउट ओलांडून काकांकडे जायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेलो नाही. पहिल्या शुक्रवारी हॉस्पिटल होतं, पुढच्या शुक्रवारी तिचं पथ्य होतं, त्यानंतर आता इतक्या दिवसांनी कसं जायचं हा प्रश्न होता. तो प्रश्न दर आठवड्याला मोठा होत गेला.

मंडळात काकांना कुणी वाईट शब्द बोललं नाही. पुढच्या वर्षी त्यांना मखरासाठी फोन गेला नाही, इतकंच. मुंबईहून कापडी मखर आलं. काका आरतीला यायचे, मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे, प्रसाद घेऊन जायचे. नव्याने आलेल्या लोकांना कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगायचं आणि ते हसायचे. मी तिथेच असायचो. सुधा म्हणायची, "माणूस किती चांगला, पण त्या थडग्यांनी त्याचं भान घालवलं." मी हो ला हो म्हणायचो.

एकदा कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, ते भाजीपाशी समोर आले. मी मुद्दाम साबणांच्या बाजूला वळलो. त्यांनी तिथून हाक मारली, "काय नाना, ती मागची दाढ काय म्हणतेय?" मी म्हटलं, "बरी आहे. जरा गडबडीत आहे." ते म्हणाले, "असू दे, असू दे. या सवडीने."

नोकरी संपली आणि काका मिरजेला परत गेले. मंडळाने निरोपाचा चहा ठेवला होता. मी ताप आल्याचं कळवलं.

सुधा गेल्या वर्षी गेली. मी आता मुलाच्या व्हिसावर अदलियात राहतो. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी फिरायला गेलो तर त्या कॅफेच्या अंगणात थडगी मांडलेली. त्या गणपतीनंतर बाईंनी ती माझ्या शेडमधून नेली ती परत आलीच नव्हती. रंग विटलेत, शेवाळ गळालंय, पण ती त्यांचीच. कडेपासून निघालेला, वळलेला, फाटा फुटलेला तडा मला लांबूनच ओळखू आला. सोबत नात होती. रजेच्या अर्जाचं थडगं वाचून ती हसली. "सो फनी, आजोबा! हू मेड दिस?" "ओळखीचे एक काका," एवढंच म्हणून मी तिला पुढे घेऊन निघालो. त्याच आठवड्यात जुन्या मंडळींच्या ग्रुपवर मेसेज आला की काका गेले. त्याखाली ओळीने जोडलेले हात, आणि त्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'मखरवाला किस्सा कधी विसरता येणार नाही.'

थंडीत मी मिरजेला गेलो. घर साधं, दोन खोल्यांचं. मालतीवहिनींनी दार उघडलं, ओळखलं, आत बोलावलं. पाणी दिलं. मी वाटेत जुळवत आलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. बोर्ड विसरलो ते, शेड उघडली ते, आणि नंतर गप्प बसलो ते.

त्यांनी मध्ये थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला ठाऊक आहे की. हॉलवरून निघालो तेव्हा गाडीतच त्यांनी सांगितलं. म्हणाले, नाना संध्याकाळी येतील. बायकोचं ऑपरेशन डोक्यावर, त्यात हे. त्यांना धीर द्यायला पाहिजे. तू भजी कर. मी पीठ भिजवून ठेवलं होतं."

वहिनींनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मखर गेल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. चतुर्थी जवळ आली की हात शिवशिवायचे त्यांचे. पण त्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. म्हणायचे, मखर काय, दुसरं कुणी करेल. पण नानांचं येणं का थांबलं, ते मला कळंना. माझ्या बोलण्यात काही जास्त गेलं का गं त्या दिवशी? सारखं विचारायचे. मी सांगायची, तुमचं काही नाही गेलं. तरी शुक्रवार आला की गेटकडे बघायचेच."

मी म्हटलं, मंडळात उभं राहून सगळ्यांना सांगतो, मंडळाच्या अंकातही लिहितो.

"सांगा. लिहा पण. खोटं आहे ते पुसलं जायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण मंडळाकडून त्यांना काही नको होतं हो."

"वहिनी, चुकलं माझं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माझं पान मांडायला आत गेल्या.